डॅटसन बंद झालीय, तरी सेकंडहँड घ्यायचीय? मग अशी बघून घ्या

दोन लाखाच्या आतबाहेर, पेट्रोल, एसी चालू, फार जुनी नाही आणि घरातली चार माणसं नीट बसतील अशी गाडी शोधायला बसलात की तिसऱ्या-चौथ्या फोटोत डॅटसन दिसणारच, गो नाहीतर रेडी-गो. त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली दुसऱ्या कंपनीची गाडी तिच्यापेक्षा महाग असते, मग मनात येतं एवढी स्वस्त का बरं, काहीतरी गडबड असणार. मुख्य गडबड नावाची आहे. एप्रिल २०२२ मध्ये निसानने भारतात डॅटसनचं उत्पादन थांबवलं, ब्रँडच गुंडाळला, आणि बंद झालेल्या नावाला सेकंडहँड बाजारात किंमत मिळत नाही. घेणाऱ्यासाठी हाच फायदा आहे. फक्त कुठल्या वर्षाची घ्यायची, काय तपासायचं आणि पुढे पार्ट कुठून आणायचे हे आधी माहीत पाहिजे, नाहीतर वाचलेले पैसे गॅरेजला जातात.

मी सांगलीत राहतो, माझ्याकडे रेडी-गो १.० आहे, २०१९ च्या शेवटची, २०२२ मध्ये सेकंडहँड घेतली. त्यानंतर मेहुण्याला एक गो घेऊन दिली आणि ओळखीच्या दोघांबरोबर गाड्या बघायला गेलो. या सगळ्यात जे कळलं ते लिहितोय.

आधी मॉडेल ठरवा, मग फोटो बघा

डॅटसन गो मार्च २०१४ ला आली, दिल्लीत एक्स-शोरूम ३ लाख १२ हजारांपासून. १.२ लिटर, तीन सिलेंडर, ६८ पीएस ताकद, हेच इंजिन निसान मायक्राला होतं. गाडी वजनाला हलकी म्हणून पिकअप मस्त, आजही चालवली की लगेच जाणवतो. गिअरचा दांडा डॅशबोर्डला, हँडब्रेक ओढायचा तोही तिथेच खाली, पुढच्या दोन सीट मधे जोडलेल्या, म्युझिक सिस्टीमऐवजी मोबाईल ठेवायचा स्टँड. जानेवारी २०१५ ला गो प्लस आली, चार मीटरच्या आत तीन रांगा. तिसऱ्या रांगेत मोठं माणूस बसवायचा विचार करू नका, ती जागा पोरांची नाहीतर सामानाची, सात सीटर म्हणून कुणी विकत असेल तर स्वतः मागे बसून बघा. रेडी-गो जून २०१६ ला आली, २ लाख ३८ हजारांपासून, ०.८ लिटर ५४ पीएस, आणि जुलै २०१७ ला १.० लिटर ६८ पीएस, २०१८ च्या सुरुवातीला तिच्यातच एएमटी, म्हणजे क्लच न दाबता आपोआप बदलणारे गिअर. रेडी-गो म्हणजे रेनॉ क्विडची चुलत बहीण, खालचा प्लॅटफॉर्म आणि इंजिन तेच. हे लक्षात ठेवा, पार्टच्या वेळी कामाला येणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाड्या आपटवून किती सुरक्षित ते तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने नोव्हेंबर २०१४ मध्ये गोची क्रॅश टेस्ट केली आणि मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी शून्य स्टार दिले. एअरबॅग नाही हे तर होतंच, पण बॉडीशेलच अस्थिर आहे, नुसती एअरबॅग बसवून भागणार नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि गाडी बाजारातून मागे घ्या असं पत्र त्यांचे अध्यक्ष मॅक्स मोस्ले यांनी निसानचे प्रमुख कार्लोस घोन यांना लिहिलं होतं. २०१९ मध्ये ड्रायव्हर एअरबॅगवाल्या रेडी-गोची टेस्ट झाली तेव्हा एक स्टार मिळाला. एकच. हे मी लपवणार नाही आणि विकणारा तर तुम्हाला सांगणारच नाही.

म्हणून माझा साधा नियम आहे. गो किंवा गो प्लस घ्यायची तर ऑक्टोबर २०१८ नंतरचं फेसलिफ्टच, म्हणजे सुधारलेलं मॉडेलच घ्या, त्यात दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होत नाहीत ती सोय) सगळ्या व्हेरिएंटला आहेत, चाकं चौदा इंची आहेत, आणि डॅशबोर्डही आधीपेक्षा कितीतरी बरा आहे. रेडी-गो घ्यायची तर जुलै २०१९ नंतर बनलेली, कारण तेव्हापासून सरकारी नियमानेच ड्रायव्हर एअरबॅग, सीटबेल्टची टिकटिक आणि रिव्हर्स सेन्सर आले, एबीएस त्याच्या आधी एप्रिलपासून. मे २०२० च्या फेसलिफ्टमध्ये दिसायला बरीच बदलली, पण दुसरी एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटला नाही, ते विचारून घ्या. आणि रजिस्ट्रेशनची तारीख बघू नका, बनल्याचा महिना बघा, आरसीवर लिहिलेला असतो. २०१९ च्या मार्चला बनलेली गाडी शोरूमला पडून राहून ऑगस्टला पासिंग झालेली असू शकते.

२०१४-१५ ची गो सव्वा लाखात मिळते म्हणून मेहुण्याने एकदा फोटो पाठवला होता, "इंजिन एक नंबर आहे." इंजिन एक नंबर असेलही, पण त्या गाडीत माझी बहीण नाहीतर भाचा पुढे बसणार असेल तर मला ती नकोच. वीस-पंचवीस हजार जास्त गेले तर जाऊदेत, थांबा दोन महिने, पण एअरबॅग आणि एबीएस नसलेली घेऊ नका.

ही कंपनी आली कुठून

हे सांगतोय कारण पुष्कळ लोकांना वाटतं डॅटसन म्हणजे २०१४ ला कुठूनतरी उगवलेली हलकी कंपनी. तसं नाही, हे नाव जपानच्या सगळ्यात जुन्या मोटार नावांपैकी एक आहे.

१९११ मध्ये मासुजिरो हाशिमोतो नावाच्या इंजिनिअरने टोकियोत क्वाइशिन्शा नावाचा मोटारीचा कारखाना काढला. १९१४ ला त्यांनी जी गाडी बनवली तिचं नाव डॅट, पैसे घालणाऱ्या तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं, डेन, आओयामा आणि ताकेउची. जपानीत दात्तो म्हणजे जीव घेऊन पळणारा ससा, त्यामुळे नाव दोन्हीकडून जमलं. पुढे जपानात पाचशे सीसीच्या आतल्या छोट्या गाडीला लायसन्स लागणार नाही असा नियम आला, म्हणून १९३१ ला तेवढीच छोटी गाडी काढली आणि नाव ठेवलं डॅटसॉन, डॅटचा मुलगा. पण जपानीत सोन म्हणजे तोटा. धंद्याच्या वस्तूच्या नावातच तोटा कोण ठेवेल, म्हणून लगेच पुढच्या वर्षी शेवट बदलून सूर्यावरून सन केलं आणि डॅटसन झालं. १९३३-३४ च्या सुमारास योशिसुके आयकावा यांच्या उद्योगाखाली हे सगळं येऊन निसान मोटर उभी राहिली, म्हणजे डॅटसन हे नाव निसानपेक्षा जुनं आहे.

महायुद्धानंतर जपानी गाडी म्हटलं की जग नाक मुरडायचं. १९५८ ला ऑस्ट्रेलियाला वळसा घालणारी सोळा हजार किमीची मोबिलगॅस ट्रायल होती, तिच्यात डॅटसनने दोन गाड्या उतरवल्या, फुजी आणि साकुरा, आणि फुजीने आपल्या क्लासमध्ये पहिला नंबर काढला. त्या टीमचे म्होरके युताका कातायामा. पुढे हेच अमेरिकेत गेले आणि डॅटसन तिथे रुजवली ती यांनीच. ५१० ही छोटी सेडान, मागची चाकंसुद्धा स्वतंत्र सस्पेन्शनची, म्हणजे महागड्या युरोपियन गाडीचं तंत्र सामान्य माणसाच्या किमतीत. मग २४०झेड, दोन दरवाजांची स्पोर्ट्स कार, अमेरिकेत ३५२६ डॉलरला. अजूनही तिथले लोक या दोन गाड्या घासूनपुसून जपतात. कातायामा १०५ वर्षं जगले, २०१५ ला गेले.

आणि आफ्रिका. केनियाची सफारी रॅली म्हणजे चिखल, दगड, धूळ, गाड्या मोडायच्याच. शेखर मेहता, युगांडात जन्मलेले भारतीय वंशाचे ड्रायव्हर, त्यांनी ही रॅली पाच वेळा जिंकली, १९७३ ला २४०झेडमधून आणि मग १९७९ ते १९८२ सलग चार वर्षं व्हायलेटमधून. पाचही वेळा याच घरची गाडी. आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या घरांत हे नाव फारसं माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडेही या घराण्याचं एक इंजिन खूप आधी येऊन गेलंय. मुंबईच्या प्रीमियर कंपनीची ११८एनई आठवते का, पद्मिनीची मोठी, चौकोनी बहीण? त्यातलं एनई म्हणजे निसान इंजिन, ए१२ नावाचं, जे आधी डॅटसन सनीमध्ये होतं. जुन्या फिटरना विचारा, त्या इंजिनाचं नाव काढलं की चेहरा खुलतो त्यांचा.

एवढं नाव कमावून १९८१ ला निसानने ठरवलं की जगभर एकच नाव ठेवायचं, निसान, आणि १९८६ पर्यंत डॅटसनची पाटी उतरली. मग २०१२ ला घोन यांनी जकार्तात जाहीर केलं की डॅटसन परत आणतोय, भारत, इंडोनेशिया, रशिया या बाजारांसाठी, स्वस्त गाड्या म्हणून. मला विचाराल तर चूक तिथेच झाली. जुनी डॅटसन स्वस्त होती पण कमी किमतीत जास्त द्यायची, म्हणून लोक तिच्या प्रेमात पडले. २०१४ च्या डॅटसनने आधी किंमत ठरवली आणि मग काय काय काढता येईल ते बघितलं. आपल्याकडचा माणूस पहिली गाडी घेतो तेव्हा सगळ्या आळीला पेढे वाटतो, त्याला "सगळ्यात स्वस्त" ही ओळख नको असते. २०१८ ला एअरबॅग, एबीएस, टचस्क्रीन सगळं दिलं तोवर नाव खाली गेलं होतं. पण सेकंडहँड घेणाऱ्यासाठी त्या शेवटच्या तीन-साडेतीन वर्षांच्या गाड्याच खऱ्या कामाच्या आहेत.

गाडी बघायला जाताना

सकाळी लवकर जा आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा आधी चालू करून ठेवलीय, थंड असताना काहीतरी वाजतंय ते लपवायला. थंड इंजिन चालू केल्यावर तीन सिलेंडरची थरथर सीटमध्ये आणि गिअरच्या दांड्यात जाणवणारच, ती या गाडीची जातच आहे, घाबरू नका. पण अर्ध्या-एक मिनिटात ती शांत व्हायला पाहिजे. पुढून साखळी घासल्यासारखा खरखर आवाज येत राहिला तर सोडून द्या, या इंजिनांना टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, ती सहसा त्रास देत नाही, पण ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीची चेन वाजते आणि ते काम खर्चाचं आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का बघा, ऑइलची काडी काढून बघा, झाकणाच्या आतल्या बाजूला दुधट चिकट थर आहे का बघा.

मग पाणी. आम्ही सांगली-कोल्हापूरची माणसं २०१९ चा आणि २०२१ चा पूर बघितलेली, त्यामुळे हे मी सगळ्यात जास्त वेळ घालून करतो आणि तुम्ही कुठेही राहत असलात तरी करा, कारण पुरातल्या गाड्या धुवूनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. मेहुण्यासाठी आम्ही एका डीलरकडे पांढरी गो बघायला गेलो होतो. बाहेरून आरसा, आत नवीन सीट कव्हर, परफ्यूमचा वास एवढा की डोकं दुखायला लागलं. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि ओढत गेलो, ओढत गेलो, पार शेवटपर्यंत, जिथपर्यंत तो रोजच्या वापरात कधीच बाहेर येत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीचा तपकिरी डाग होता, एका रेषेत, जसा नदी उतरल्यावर भिंतीवर राहतो तसा. मग मेहुण्याने डिकीतली चटई उचलली, स्टेपनी काढली, खालच्या खोबणीत वाळलेला गाळ आणि नटाला गंज. डीलर म्हणाला सर्व्हिसिंगला पाणी गेलं असेल. आम्ही चहा पण घेतला नाही, निघालो.

तर सीटबेल्ट चारही पूर्ण ओढा, स्टेपनीखाली हात घाला, पुढच्या सीटखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचलून नाक लावा, फ्यूज बॉक्स उघडून पिना हिरव्या पडल्यात का बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

ॲक्सिडेंट ओळखायला दरवाजाची रबर बीडिंग हाताने थोडी बाहेर ओढा, आतल्या पत्र्यावर कंपनीच्या वेल्डिंगचे गोल टिपके सारख्या अंतरावर दिसतात. टिपके गायब, किंवा तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली दिसली, तर डेंटरचा हात लागलाय. चेसिसचे पुढचे दोन दांडे बोनेट उघडून दोन्ही बाजूंनी सारखे आहेत का बघा. या गाडीचा पत्रा पातळ आहे, बारीकसारीक पोचे असणारच, ते सोडा, पण दांडा वाकून सरळ केलेला असेल तर कितीही स्वस्त मिळूदे, नको. आधीच एक स्टारची गाडी, तिचा सांगाडा तरी शाबूत पाहिजे.

चालवताना एकदा खराब रस्त्यावरून न्या, गुळगुळीत रोडवर काही कळत नाही. पुढून टकटक आली तर लोअर आर्मचे बुश किंवा लिंक रॉड, मोठा खर्च नाही, तेवढे पैसे कमी करून मागा. चौथ्या गिअरला कमी स्पीडवर ॲक्सिलरेटर दाबा, इंजिन नुसतं ओरडलं आणि गाडी पळाली नाही तर क्लच प्लेट संपलीय. एएमटी असेल तर ट्रॅफिकमध्ये, चढावर आणि रिव्हर्सला न्या, पंधरा मिनिटं तरी, धक्के फार देत असेल किंवा न्यूट्रलला जात असेल तर हात जोडा. मला विचाराल तर या गाड्यांत साधा मॅन्युअल गिअरच घ्यावा, गावातला कुठलाही मिस्त्री उघडू शकतो.

मे २०१६ पर्यंत बनलेल्या पहिल्या रेडी-गोंना पेट्रोलच्या पाइपच्या क्लिपसाठी रीकॉल होता, तशी जुनी गाडी कुणी घेतच असेल तर ते काम झालं का हे निसानच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन विचारा. तसंही कुठलीही डॅटसन घेण्याआधी चेसिस नंबरवरून सर्व्हिस हिस्टरी मागावी, मालकाला बरोबर घेऊन जा, म्हणजे मीटर मागे फिरवलाय का तेही कळतं.

पार्ट मिळतात का

सगळे हाच प्रश्न विचारतात. इंजिन, क्लच, ब्रेक, फिल्टर, सस्पेन्शन हे मिळतं. गोसाठी मायक्राचे इंजिनाचे पार्ट चालतात, रेडी-गोसाठी क्विडचे, आणि क्विड तर रस्त्यावर ढिगाने आहे. निसानच्याच मॅग्नाइटचं टर्बो नसलेलं एक लिटर इंजिनही क्विडच्याच घराण्यातलं. निसानची सर्व्हिस सेंटर चालू आहेत, डॅटसन घेतात. पण दुकानात जाऊन "क्विडचं द्या, तेच बसतं" असं कधी करू नका. माझ्या ओळखीच्या एकाने एका गॅरेजमध्ये असंच अंदाजाने ब्रेक शू बसवून घेतले, मिस्त्री म्हणाला सेम आहे, आठवड्यात मागचं चाक तापायला लागलं, परत खोलून बघितलं तर पार्ट दुसऱ्याच साइजचा. जुना पार्ट काढा, त्याच्यावरचा नंबर वाचा, फोटो काढा, तोच नंबर मागा. नंबर जुळला तर डबा रेनॉचा असूदे की निसानचा.

अडचण येते ती बॉडी पार्टला. हेडलाइट, टेललाइट, बंपर, आरसे, दरवाजाचे हँडल, आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, हे दुसऱ्या कुठल्या गाडीचं बसत नाही आणि दुकानात पडलेलं नसतं, मागवावं लागतं. म्हणून गाडी घेताना दिव्यांच्या काचा, चारही बाजूचं प्लास्टिक, आरशाचे कान नीट बघा, जे फुटलंय त्याची किंमत आणि मिळायला लागणारा वेळ आधी विचारून मगच सौदा करा. मी एक काम केलंय, पुण्याला गेलो होतो तेव्हा स्क्रॅपवाल्याकडे रेडी-गोचा एक उजवा टेललाइट आणि डावा आरसा चांगला मिळाला, घेऊन ठेवलाय, घरी माळ्यावर गुंडाळून आहे. अलॉय व्हील घालायची हौस असेल तर रेडी-गोच्या चाकाला तीनच नट आहेत, चार नटांची रिम बसत नाही, उगीच ऑनलाइन ऑर्डर करू नका.

वापरताना काय वाटतं

मी रोज साधारण तीस किमी चालवतो, मिरज-सांगली, आणि महिन्यातून एकदा सासुरवाडीला रत्नागिरी. गावात चालवायला ही गाडी म्हणजे सुख आहे. सीट उंच, समोरचं सगळं दिसतं, वळायला जागा कमी लागते, १८५ मिमी ग्राउंड क्लिअरन्स असल्याने आमच्याकडच्या स्पीडब्रेकरला पोट घासत नाही. आईचे गुडघे दुखतात, तिला खाली वाकून बसावं लागत नाही, सीटवर सरळ टेकते आणि पाय आत घेते, तिच्यासाठी तर हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे. एसी लहान केबिन लवकर गार करतो. ॲव्हरेज मला गावात सोळा-सतरा आणि हायवेला ऐंशीच्या स्पीडला एकवीस-बावीस मिळतं, टाकी फुल ते टाकी फुल मोजून.

आंबा घाटात चार माणसं आणि डिकीत सामान असताना चढताना दुसऱ्या गिअरला यावं लागतं, दोन अवघड वळणांवर मी एसी बंद करतो, साखरप्याकडून वर येताना. इंजिन आवाज करतं पण ओढते. ०.८ वाल्या रेडी-गोत ही चढण जड जाते, म्हणून घाटाजवळ राहत असाल तर १.० ची रेडी-गो किंवा १.२ लिटरची गोच बघा. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, दुसरा गिअर ठेवा, हलकी गाडी आहे, इंजिन धरून ठेवतं.

नाही आवडणाऱ्या गोष्टी पण सांगतो, जे मालक भेटतात ते सगळे हेच बोलतात. आत आवाज येतो, टायरचा, पावसाचा, इंजिनचा. दरवाजा लावला की पत्र्याच्या पेटीसारखा वाजतो. हायवेला मोठा ट्रक किंवा एसटी बाजूने गेली की गाडी हलते. मी शंभरच्या वर नेत नाही, आणि शंभरलाही क्वचित. ही गाडी गावासाठी, तालुक्यासाठी, महिन्यातून एखाद्या लांबच्या फेरीसाठी आहे, आठवड्याला मुंबई करणाऱ्यांसाठी नाही. तुमचं रनिंग तसं असेल तर बजेट वाढवा आणि जास्त स्टारवाली दुसरी बघा, हे मी डॅटसन आवडत असूनही सांगतोय. मागे बसणाऱ्यांनीपण सीटबेल्ट लावायचा, आमच्याकडे तो लावल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही.

ऑइल मी आठ-नऊ हजार किमीला बदलतो, दहाची वाट बघत नाही, ऑइल आणि फिल्टर एकदमच. दर पावसाळ्याआधी ब्रेक साफ, बॅटरीचे टर्मिनल साफ, आणि वायपरच्या खालची जाळी पानं काढून मोकळी. या गाड्या ई२० पेट्रोलच्या, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या आधीच्या आहेत, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप सर्व्हिसिंगला बोटाने दाबून बघायला सांगतो, कडक झालाय किंवा चिरा पडल्यात असं वाटलं की बदलायचा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल भरून ठेवून जात नाही.

कागदपत्रं, इसार द्यायच्या आधी

गाडी नंबर परिवहनच्या साइटवर नाहीतर एमपरिवहन ॲपमध्ये टाका, मालकाचं नाव, बनल्याचा महिना, इन्शुरन्स, पीयूसी आणि बँकेचा बोजा आहे का हे दिसतं. बोजा असेल तर "कर्ज फिटलंय हो, फक्त कागद काढायचा राहिलाय" हे वाक्य ऐकायला मिळेल. मी माझ्या गाडीला हे ऐकून पैसे दिले आणि बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात यायला चार महिने लागले, मधल्या एजंटने फोन उचलणं बंद केलं, शेवटी मूळ मालकाला भेटून, त्याला बरोबर घेऊन बँकेत जाऊन बसलो तेव्हा काम झालं. तेव्हापासून माझा नियम, आधी बोजा उतरलेली आरसी, मग पूर्ण पैसे. तोवर इसार दहा हजाराच्या वर नाही, तोही लिहून घेऊन.

ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या जिल्ह्याच्या पासिंगची, समजा एमएच १२ ची गाडी तुम्ही एमएच १० ला आणणार असाल, तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागेल का ते आधी आपल्या आरटीओत विचारा आणि विकणाऱ्याच्या सह्या त्याच दिवशी घ्या, नंतर माणूस सापडत नाही. ई-चलन तपासा, जुना दंड असेल तर विकणाऱ्याने भरायचा. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे तेवढा फरक भरावा लागतो, सौदा करताना हिशेबात धरा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघा, नसेल तर तो खर्च आणि फेरी तुमच्याकडे येते.

किल्ल्या दोन मागा. जॅक, पाना आणि स्टेपनी तिथेच उतरवून बघा. मेहुण्याच्या गोला दुसरी किल्ली नव्हती, पंधराशे रुपये कमी करून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी बनवून आणली.